शेवाळाशी तह

तिकोणा पेठेत पाण्याला तोटा नाही, पण जे आहे ते सगळं गोडं. समोर पवना धरणाचा फुगवटा, पाठीशी तिकोणा गडावरची टाकी, भोवती भाताची खाचरं आणि एकदा जून लागला की सप्टेंबरपर्यंत वरून चालू असलेली संततधार. अरबी समुद्र सरळ रेषेत 60-70 किलोमीटरवर असेल, पण मध्ये सह्याद्री आडवा पडलेला. असं असून या गावातल्या एका घराच्या माजघरात 300 लिटर समुद्र आहे. तो पिशवीतून येतो. लिटरला 35 ग्रॅम या हिशेबानं खास मीठ विरघळवायचं, म्हणजे एकूण दहा-साडेदहा किलो. मिठाची ती पहिली पिशवी घरात आली तेव्हा माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी एवढंच विचारलं, "आरं, पण आंबं कुठायत?"

समुद्राचा मालक माझा भाचा. धंदा म्हणाल तर धरणाच्या काठी तंबू लावून पुण्या-मुंबईच्या पोरापोरींना शनिवार-रविवार मुक्कामाला ठेवणं. ही मंडळी तळ्याकाठी बसून समुद्राकाठी बसल्यासारखे फोटो काढतात. रोज ते बघून बघून त्याच्या डोक्यात खरा समुद्र शिरला असावा, असं त्याच्या आईचं मत. आजीचं मत वेगळं आहे. तिच्या मते त्याचं लग्न वेळेवर झालं असतं तर हे झालंच नसतं.

हा समुद्र म्हणजे प्रवाळांचा रीफ टँक, आणि रीफ टँक म्हणजे नुसता माशांचा टँक नव्हे. त्यात दगड महत्त्वाचे, दगडांवरचे जिवाणू त्याहून महत्त्वाचे, आणि मासे शेवटी. आपल्याकडे या छंदाला कायद्याचं कुंपणही पक्कं आहे. खडक रचणारी सगळी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. त्यामुळे भाच्याकडे आहेत ती बिनहाडाची, मऊ अंगाची मंडळी. दगडाला चिकटलेली मशरूम, लाटेबरोबर हात हलवणारी एक-दोन लेदर आणि बटणाएवढी झोअँथिड. मासे दोन, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश, तेही समुद्रातून उपसलेले नव्हेत, पैदास केलेले. केरळात विळिंजमला आणि तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ही पैदास जमवून दाखवली आहे, हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगतो. पाहुणे मान हलवतात आणि विचारतात, "निमो ना?"

आणि मग शेवाळ. नव्या टँकमध्ये ते क्रमानं येतं. आधी तपकिरी पूड बसते, ती डायटमची. डायटमला अंगावर काचेची कवचं चढवायला सिलिका लागते, आणि आपल्या काळ्या कातळातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका फुकट. मग येतं हिरवं केसाळ शेवाळ, दगडादगडावर. मध्येच एखाद्या सकाळी वाळूवर तांबडी-जांभळी साय धरते. तिला शेवाळ म्हणतात खरं, पण ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणूच. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठू लागला तो यांच्याच पूर्वजांच्या कृपेनं. तेव्हा नळीनं त्यांना ओढून मोरीत सोडताना थोडा तरी संकोच वाटायला हवा. भाच्याला वाटत नाही.

शेवाळ कशावर वाढतं हे गुपित नाही. उजेड, नायट्रेट आणि फॉस्फेट. उजेड प्रवाळांसाठी लावावाच लागतो. उरलेली दोन्ही येतात खाण्यातून. मासे खातात त्याचं होतं, न खाल्लेल्याचंही होतंच. म्हणजे शेवाळाची चौकशी शेवटी घरात कोण कुणाला किती वाढतं इथे येऊन थांबते, आणि मावळातल्या घरात ही चौकशी करू नये.

कारण या घरात पाहुण्याला "पुरे" म्हणायचा अधिकार नाही. भाचा सकाळी चिमूटभर खाणं टाकतो आणि धरणावर जातो. त्यानंतर त्याचे वडील दूध घालून आले की टाकतात, "मघापासून वर तोंड करून बघतायत" म्हणून. बहीण दुपारी टाकते. तंबूवाले पाहुणे चहाला वर आले की त्यांची मुलं टाकतात, कारण ते बघायलाच तर वर आलेली असतात. आणि आजी ज्या ज्या वेळी माजघरातून स्वयंपाकघरात जाते त्या त्या वेळी टाकते. तिचं म्हणणं साधं आहे: काचेत कोंडलेलं लेकरू, ते मागायला जाणार कुठं? माशांना जठर असतं, मापात खातात, असं भाच्यानं समजावलं. आजीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू बी लहानपणी असंच म्हणायचास, नको नको."

शेवाळ घालवायचे उपाय असतात आणि ते सगळे झाले. गोगलगायी आल्या, शंखात राहणारे खेकडे आले. खेकड्यांनी शेवाळ सोडून शंखांसाठी गोगलगायीच खाल्ल्या. चरणाऱ्या जनावरांचं महत्त्व मात्र खरंच मोठं आहे. 1983-84 मध्ये कॅरिबियन समुद्रात लांब काळ्या काट्यांच्या डायाडेमा जातीच्या अर्चिनांवर रोग आला आणि 90 टक्क्यांहून जास्त अर्चिन मेले. शेवाळ खाणारे मासे तिथल्या लोकांनी आधीच पकडून संपवले होते. जमैकाच्या किनाऱ्यावर बघता बघता प्रवाळ गेलं आणि हिरवळ आली. भाचा ही गोष्ट सांगतो तेव्हा त्याचा स्वर असा असतो की जमैका जणू मोर्वे गावाच्या पलीकडेच आहे.

मग औषध. शेवाळात ब्रायोप्सिस नावाची एक पिसासारखी जात असते. ती कशालाच दाद देत नाही, पण फ्लुकोनॅझोलनं मरते असा या छंदातल्या लोकांचा अनुभव. फ्लुकोनॅझोल म्हणजे बुरशीवरची आपली नेहमीची गोळी. ती आणायला भाचा पवनानगरला गेला तेव्हा मी बरोबर होतो. दुकानदार परिचयातला.

"कुणाला झालंय? गजकर्ण आहे का?"

"नाही, दगडाला."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी वयस्कर, माझ्याकडून खुलाशाची अपेक्षा होती. मी म्हणालो, "खरंच दगडालाच."

"मग दगडाची चिठ्ठी आणा. चिठ्ठीशिवाय ही गोळी देता येत नाही."

त्याचं बरोबरच होतं. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांकडे, आजारी म्हशी आणि एका रुसलेल्या बोकडामागे रांग लावून चिठ्ठी मिळवली. गोळ्यांची पूड पाण्यात गेली. दोनेक आठवड्यांत ब्रायोप्सिस पांढरं पडून मेलं. ते कुजलं, त्याचं खत झालं, आणि त्या खतावर केसाळ शेवाळ असं काही माजलं की आतले मासे शोधावे लागत.

या काळातली एक गंमत सांगायलाच हवी. टँक गच्च हिरवा असताना फॉस्फेटची चाचणी शून्य दाखवायची. या चाचणीत पाण्यात फॉस्फेट असलं की नळी निळी होते, जितकं जास्त तितका निळा गडद. इथे नळी स्वच्छ. भाचा त्या नळीकडे बघून हताश व्हायचा. कारण पाण्यातलं सगळं फॉस्फेट शेवाळानं गिळून ठेवलेलं. शेवाळ उपटून काढलं की दोन दिवसांत नळी निळी. चुनखडीचे दगड आणि वाळू फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यात कमी झालं की सावकाश सोडत राहतात, महिनोन् महिने. गेल्या दिवाळीतल्या आग्रहाची उधारी ते पावसाळ्यात फेडत होते.

आषाढात त्यानं जाहीर केलं की टँक मोडायचा आणि नव्यानं लावायचा. आईचा विरोध होता, इतका पैसा घातला म्हणून. तेव्हा त्यानं पुरंदरचा तह काढला. तिकोण्याच्या पायथ्याशी वाढलेल्या पोराला हा दाखला सुचणं साहजिक. 1665 च्या त्या तहात शिवाजी महाराजांनी 23 किल्ले मोगलांना दिले आणि 12 राखले. दिलेल्यांत डोक्यावरचा हा तिकोणाही होता. आणि पुढे 1670 मध्ये किल्ले परत घ्यायला सुरुवात केलीच की नाही? तसं वाळू द्यायची, निम्मे दगड द्यायचे, पाणी सगळं द्यायचं. राखायचे दोन मासे, चार प्रवाळं आणि उरलेले दगड. बहिणीला दाखला पटला. मला एक शंका आली ती मी बोललो नाही: मोगल निदान घरात राहत नव्हते.

नव्यानं सुरुवात करण्याचा मोह मला समजतो. शेवाळ रोज थोडं थोडं कमी करण्यात काही दिसत नाही. टँक रिकामा केला की त्याच संध्याकाळी काच कोरी करकरीत दिसते. माणसाला एवढं पुरतं.

मोडायचा दिवस शनिवारी आला, म्हणजे पाहुणे हजर. दगड एकेक करून बाहेर निघाले. परातीत ठेवून दातांच्या ब्रशानं घासायचे, तेही खाऱ्या पाण्यात, म्हणजे आतले जिवाणू जगतील. एका दगडाच्या भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला, ब्रशावर नांगी उगारून उभा राहिला आणि पुन्हा आत गेला. भाच्यानं तो दगड राखायच्या बाजूला ठेवला. वाळू हलली तशी खालून काळा थर उघडा पडला आणि सडक्या अंड्यांचा वास माजघरभर पसरला. हायड्रोजन सल्फाइड. पाहुण्यांतल्या एकानं हळूच स्वयंपाकघराकडे बघितलं, तेव्हा बहिणीला पळत येऊन खुलासा करावा लागला.

आणि लाइट गेली. पावसात जातेच. मासे टबात, प्रवाळं बादलीत, पंप बंद, इन्व्हर्टर घरातल्या दिव्यांपुरता. पाणी हललं नाही तर त्यात हवा मिसळत नाही आणि मासे गुदमरतात. भाच्यानं पाहुण्यांच्या हातात मग दिले. टबातलं पाणी मगानं उचलायचं आणि वरून ओतायचं, बस्स. पाळ्या लावल्या. तासाभरानं लाइट आली तेव्हा पोरं उठायला तयार नाहीत. पुढच्या आठवड्यात एकीनं फोन करून विचारलं म्हणे, "ते फिश रेस्क्यू पॅकेजमध्ये आहे का?"

राखलेल्या दगडांना अंधारकोठडी. झाकणाचा निळा ड्रम, त्यात खारं पाणी, हीटर आणि पंप, वरून गोणपाट. उजेड नाही म्हणून शेवाळ मरतं, पाणी हलतं म्हणून जिवाणू जगतात आणि दगड पोटातलं फॉस्फेट ओकत राहतात. पाणी मधून मधून बदलायचं. या प्रकाराला छंदवाले "कुकिंग" म्हणतात. हे कळल्यावर आजीनं मोठं पातेलं काढून ठेवलं होतं. पण खरोखरच उकळायचं मात्र नाही. झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. असे दगड उकळल्यावर त्याची वाफ लागून परदेशात अख्खी कुटुंबं इस्पितळात गेलेली आहेत. पातेलं परत फळीवर गेलं.

नवं पाणी कुठलं घालायचं, यावरही वाद झाला. दारात दरवर्षी इतका पाऊस पडतो आणि पोरगं आरओच्या मशिनातून थेंब थेंब पाणी धरतं, त्यात धरलेल्याच्या कितीतरी पट पाणी मोरीत सोडतं, हे आजीच्या डोळ्यांना बघवेना. तिनं पागोळीखाली हंडा लावला. पाऊस शुद्धच, पण पागोळी पत्र्याची, आणि पत्र्यावरचं जस्त पाण्यात उतरतं. माणसाला त्यानं काही होत नाही, गोगलगायी आणि प्रवाळं मात्र बघता बघता मरतात. हंड्यातलं पाणी तुळशीला गेलं.

टँकमध्ये नवी वाळू पडली, पाणी भरलं आणि श्रावण लागला. इथे खरा पेच. नव्या पाण्यात जिवाणू वसवायचे तर आधी त्यांना अमोनिया द्यावा लागतो. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. हे चक्र बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि ते सुरू करायची सोपी पद्धत म्हणजे एक कच्ची कोलंबी पाण्यात टाकून कुजू द्यायची.

"श्रावणात घरात कोलंबी येणार न्हाई," आजी म्हणाली.

"आजी, ती आपल्याला नाही, जिवाणूंना आहे. त्यांना श्रावण नसतो."

"घराला असतो."

भाचा गप्प. मग उसासून म्हणाला, नुसता अमोनिया मिळाला तरी चालेल, तो नाकात झोंबणारा. आजीचे डोळे बारीक झाले. "कल्हईवाला नवसागर टाकायचा. तापल्या भांड्यात टाकला की अस्सा धूर यायचा, नाकातनं डोक्यात. त्येच का?" तेच. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, आणि कोलंबीवाचून टँक बसवणारे हेच वापरतात. कल्हईच्या नवसागरात इतर काही मिसळलेलं असेल म्हणून भाच्यानं पुण्याहून प्रयोगशाळेतला शुद्ध मागवला, पण श्रेय आजीचं. तिनं ते सोडलंही नाही. आल्यागेल्याला सांगायची, "समुद्र माझ्या नवसागरावर चाललाय."

त्या रिकाम्या आठवड्यांत आम्ही एकदा गडावर गेलो. पावसात शेवटच्या उभ्या पायऱ्या बुळबुळीत असतात, तिथेही शेवाळाला मान द्यावाच लागतो. वाटेत चपेटदान मारुती आहे, पायाखाली पनवतीला दाबून उभा. भाच्यानं तिथे जरा जास्तच वेळ हात जोडले. पुढे तळजाईचं लेणं, समोर पाणी, ते हिरवं. उघड्यावरचं पाणी हिरवं होणारच. सह्याद्रीतल्या गडांवर कातळात आत खोदलेली, खांब ठेवून छत राखलेली टाकीही असतात. त्यांच्या आतल्या अंगाला पाणी काळंशार आणि निवळ दिसतं. ऊन पोचत नाही, गुरं उतरत नाहीत, पालापाचोळा पडत नाही. ज्यांनी ती खोदली त्यांच्याजवळ फॉस्फेटची नळी नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितलंय, आणि एका झऱ्यावर विसंबू नका असंही, कारण लढाईत तोफांच्या दणक्यानं झरे आटतात. खाली उतरल्यावर भाच्यानं मिसळलेल्या खाऱ्या पाण्याचा एक जादा ड्रम भरून ठेवला. तोफा नाहीत, पण लाइट आहे.

वरून पवनेचं पाणी लांबवर पसरलेलं दिसत होतं. हीच पवना खाली पिंपरी-चिंचवडमधून वाहते तेव्हा जलपर्णीनं भरते. दरवर्षी ती काढायची कंत्राटं निघतात, यंत्रं उतरतात, नदी काही दिवस नदीसारखी दिसते आणि पुढच्या वर्षी पुन्हा हिरवा गालिचा. सांडपाणी येत राहतं तोवर ती जाणार कुठे? भाच्याच्या टँकला निदान आजी एकच आहे.

गणपतीत टँक उभा राहिला. दगड ड्रममधून पांढुरके होऊन परतले, मासे टबातून. चाचणीत नायट्रेटही शून्य, फॉस्फेटही शून्य. भाचा खुशीत. मला वाटलं, संपलं. पण या छंदात शून्याचीही भीती असते. पाणी इतकं उपाशी झालं की जिवाणूंनाही काही मिळत नाही, आणि मग डायनोफ्लॅजेलेट उगवतात: तपकिरी, चिकट धागे, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे. ते केसाळ शेवाळाहून चिवट. त्यांच्यावरचा एक उपाय म्हणजे पाण्यात जाणूनबुजून थोडं नायट्रेट आणि फॉस्फेट घालणं. भाच्यानं वाळूवर तसे धागे पाहिले आणि मान खाली घालून आजीला म्हणाला, "थोडं खायला घाल त्यांना."

इतकं मानाचं बोलावणं आजीला त्या टँककडून पहिल्यांदाच आलं होतं. गौरी जेवल्या त्या दिवशी तर तिनं हात आखडलाच नाही. महिनाभरात डायनो गेले. दिवाळीच्या आधी एका दगडाच्या कडेला केसाळ शेवाळाचा पहिला हिरवा झुबका दिसला.

या वेळी टँक मोडायची भाषा झाली नाही. भाच्यानं टँकखालच्या कपाटात, सम्पच्या म्हणजे टँकला जोडलेल्या खालच्या टाकीच्या एका कप्प्यात, कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ आणून लावलं. तारेच्या गुंत्यासारखं हिरवंगार, जाणूनबुजून वाढवायचं. त्याला वेगळा दिवा, वर टँक अंधारला की खाली तो लागतो. पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट हे शेवाळ खाऊन वाढतं, वाढलं की ओंजळभर उपटून टाकायचं, आणि वरच्या शेवाळाला खायला उरत नाही. घरच्यांनी काय वाढायचं ते वाढू दे, असा त्याचा हिशेब. आजीचा हात थांबवण्यापेक्षा तो सोपा निघाला.

आजी रात्री कपाटाचं दार उघडून तो गुलाबी उजेड आणि आतला गुंता बघत उभी होती.

"म्हंजी शेवाळ घालवायला शेवाळच पाळलं?"

"हां."

"आन् हे खातं काय, पाव्हणं?" हा प्रश्न मला होता. मी सांगितलं, वरचं उरलेलं खातं.

"उष्टं?" आजीनं दार लावलं आणि खाण्याची डबी शोधायला गेली.